स्टेअरिंगमधला ‘प्ले’ नेमका कुठे असतो?

लवळ्याच्या डोंगरावर १८ होलचं गोल्फ मैदान आहे. पण मुळशी तालुक्यात गोल्फ कार्ट बघायची तर हातात गोल्फची काठी असायची गरज नाही. धरणाकाठचे रिसॉर्ट, डोंगरउतारावरचे फार्महाउसचे प्रकल्प, मोठाली आवारं, जिथे पाहुण्यांना चढावरून वर न्यायचं असतं तिथे ही बॅटरीवरची बुटकी गाडी असतेच. यातल्या बऱ्याच गाड्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या हाताच्या असतात. मोटर आणि बॅटऱ्यांची काळजी मालक घेतो, कारण त्या बिघडल्या की गाडी थांबते. स्टेअरिंग बिघडलं तरी गाडी चालत राहते आणि खरी अडचण तिथूनच सुरू होते.

तक्रार साधारण अशी असते. सपाटीवर गाडी बरी चालते. उताराला लागली की स्टेअरिंग हातात थरथरतं आणि सरळ जायचं असूनही सतत डावी-उजवीकडे सावरावं लागतं. पुढच्या टायरांची आतली कड गुळगुळीत झालेली असते. मालक टायर बदलतो. काही महिन्यांत नव्या टायरांची आतली कडही घासते. मग कुणीतरी छातीठोकपणे सांगतं, ‘स्टेअरिंग बॉक्स गेला.’ महागडा बॉक्स मागवला जातो, वाट बघून बसवला जातो, आणि स्टेअरिंगमधला मोकळेपणा जेमतेम अर्धा कमी होतो. गॅरेजच्या भाषेत या मोकळेपणाला ‘प्ले’ म्हणतात. टायर नवे, बॉक्स नवा, मग उरलेला प्ले कुठे आहे?

हातापासून चाकापर्यंत

आपण स्टेअरिंग फिरवतो तेव्हा एक उभा दांडा फिरतो. त्याच्या खालच्या टोकाला बॉक्स असतो. बऱ्याच गाड्यांत त्यात एक लहान दातेरी चाक आणि त्यात अडकलेली दातेरी पट्टी असते. लहान चाक म्हणजे पिनियन, पट्टी म्हणजे रॅक. बॉक्सचं काम एवढंच की गोल फिरण्याचं रूपांतर डावी-उजवीकडे सरकण्यात करायचं. हे सरकणं एका सळईमार्फत चाकाच्या आधाराशी, म्हणजे स्पिंडलशी पोचतं. बऱ्याच जुन्या कार्टमध्ये बॉक्स एकाच बाजूच्या चाकाला ढकलतो आणि दुसरं चाक एका आडव्या सळईने पहिल्याला बांधलेलं असतं. ही आडवी सळई म्हणजे टायरॉड. सळयांच्या टोकांना बॉल जॉइंट असतात. वाटीत बसलेला गोळा चाक वर-खाली झालं तरी सळईला अडकू देत नाही.

आता सांधे मोजा. स्टेअरिंगच्या दांड्यातला जॉइंट, बॉक्समधले दाते, सळयांची टोकं, दोन्ही बाजूंचे किंगपिन, चाकांची बेअरिंग. प्रत्येक सांध्यात केसाएवढी फट लागतेच, नाहीतर तो हलणारच नाही. गाडी नवी असताना या सगळ्या फटींची बेरीज हाताला कळत नाही. प्रत्येक सांधा थोडा थोडा झिजला की बेरीज वाढते. म्हणून जुन्या गाडीत ‘कुठला पार्ट गेला?’ हा प्रश्नच थोडा चुकतो. ‘बेरजेत सगळ्यात मोठा आकडा कुणाचा?’ असं विचारायला हवं. त्याचं उत्तर क्वचितच बॉक्स असतं. बहुतेक वेळा ते किंगपिनच्या बुशमध्ये निघतं.

किंगपिन आणि बुश

पुढच्या अॅक्सलच्या दोन्ही टोकांना एकेक जाड उभी पिन असते. तिच्याभोवती स्पिंडल डावी-उजवीकडे वळतो, जसं दार बिजागरीच्या खिळीभोवती वळतं. फरक असा की दाराच्या बिजागरीवर फक्त दाराचं वजन असतं. इथे पिनवर गाडीच्या पुढच्या भागाचं वजन, माणसांचं वजन आणि खड्ड्यांचे दणके, सगळंच येतं.

पोलादी पिन पोलादी भोकात थेट फिरली तर दोन्ही झिजतील आणि दोन्ही महाग पडतील. म्हणून मध्ये पितळी धातूची किंवा कडक प्लास्टिकची पातळ नळी बसवतात. ती म्हणजे बुश. बुश मुद्दाम मऊ ठेवलेला असतो. झिजायचं त्याने आणि वाचायचं पिनने. म्हणजे बुश झिजला ही गाडीची खोड नाही. तो वेळेवर न बदलणं ही मालकाची खोड आहे.

थोडा हिशेब करू. समजा एका पिनवरचे वरचा आणि खालचा असे दोन बुश १० सेंटिमीटर अंतरावर आहेत आणि दोन्हींत अर्धा मिलिमीटर जागा झाली आहे. वर पिन इकडच्या कडेला टेकते, खाली तिकडच्या. मग उलट. कार्टचा नेहमीचा टायर १८ इंच व्यासाचा, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत सुमारे २३ सेंटिमीटर. तेवढ्या अंतरावर जाईपर्यंत अर्ध्या मिलिमीटरची फट टायरच्या वरच्या कडेला सव्वादोन मिलिमीटरहून जास्त हलते, आणि खालची कड तितकीच उलट दिशेला. बोटाला न जाणवणारी फट चाकाशी डोळ्यांना दिसते.

आता टायरची आतलीच कड का घासते तेही उलगडतं. चाक किंगपिनच्या बाहेरच्या बाजूला असतं. जमीन चाकाला खालून वर रेटते आणि गाडीचं वजन पिनवरून खाली येतं. या ओढाताणीत बुशमध्ये जागा असेल तर चाकाचा माथा आत कलतो आणि टायर आतल्या कडेवर चालू लागतो. शिवाय गाडी पुढे जाताना रस्ता चाकांना मागे ढकलतो. टायरॉडची टोकं सैल असतील तर दोन्ही चाकांची तोंडं बाहेर फाकतात. त्यानेही आतलीच कड मरते. नवे टायर टाकून यातलं काहीच थांबत नाही. तिथे फक्त घासायला नवं रबर मिळतं.

वळणात दोन चाकं सारखी वळत नाहीत

टायरॉड लांबीला अचूक का लागतो, हे समजायला थोडं मागे जावं लागेल. जुन्या चारचाकी घोडागाडीत पुढचा अख्खा कणा मध्यावरच्या एका खिळ्याभोवती फिरायचा. वळण तीव्र झालं की गाडी कलंडायची. १८१७ च्या सुमारास म्युनिचच्या गेओर्ग लांकेन्स्पर्गर या गाड्या बनवणाऱ्याने कणा स्थिर ठेवून त्याची दोन टोकंच वळवायची युक्ती काढली. लंडनमधले त्याचे प्रतिनिधी रुडोल्फ आकेरमान यांनी १८१८ मध्ये तिचं इंग्लंडमधलं पेटंट घेतलं. युक्ती लांकेन्स्पर्गरची, पण नाव आजही आकेरमानचंच चालतं.

वळताना आतलं चाक लहान वर्तुळावरून जातं, बाहेरचं मोठ्या. म्हणून आतल्या चाकाला जास्त वळावं लागतं. पुढच्या-मागच्या चाकांत सुमारे १६५ सेंटिमीटर अंतर असलेली कार्ट ३ मीटर त्रिज्येच्या वळणात असेल तर आतलं चाक साधारण ३३ अंश आणि बाहेरचं २६ अंश वळायला हवं. स्पिंडलचे हात थोडे आत कलते ठेवले की टायरॉड हा फरक आपोआप साधतो. दोन-चार मिलिमीटरने टायरॉड लांब-आखूड झाला, किंवा त्याचे जॉइंट खिळखिळे झाले, की हे गणित बिघडतं आणि गाडी सरळ जातानाही एक चाक दुसऱ्याशी भांडत राहतं.

त्या भांडणाची किंमत सांगतो. चाक जायच्या दिशेपेक्षा फक्त १ अंश तिरपं असेल, तर १ किलोमीटरमागे ते सुमारे साडेसतरा मीटर आडवं घासत जातं.

मुळशीत झीज लवकर का होते

गोल्फ कार्टचा जन्म अमेरिकेतला. ई-झी-गो ही कंपनी १९५४ मध्ये जॉर्जियातल्या ऑगस्टा शहरात सुरू झाली, आणि तिची मोठी प्रतिस्पर्धी क्लब कार हीदेखील पुढे त्याच शहरात वाढली. आपल्याकडे बंगळुरूच्या मैनी समूहाने अशा बग्ग्या बनवल्या. २००१ मध्ये ‘रेवा’ ही छोटी विजेची मोटार बाजारात आणणारं हेच घराणं. पण कार्टचा मूळ आराखडा कापलेल्या गवताचा आणि आखीव वाटांचा आहे. ताम्हिणीकडचा पाऊस आणि मुरमाची चढण त्यात गृहीत धरलेली नाही.

इथे तीन गोष्टी एकत्र येतात. पहिली पाणी. चार महिने चाकांनी उडवलेलं पाणी थेट किंगपिनवर येतं, ग्रीस हळूहळू धुऊन जातं आणि पिन गंजते. गंजलेली पिन बुशला कानशीसारखी खाते. दुसरी मुरूम. त्याची बारीक कच उरलेल्या ग्रीसमध्ये मिसळली की वंगणाचंच घासण होतं. अशा सांध्यात ग्रीस आहे म्हणून निर्धास्त राहणारे बरेच भेटतात. तिसरी गोष्ट उतार. उतारावर वजन पुढच्या अॅक्सलवर येतं. ४८ व्होल्टच्या जुन्या गाडीत शिशाच्या बॅटऱ्याच दीडशे किलोंच्या वर भरतात. चारजणांच्या गाडीत सहाजण आणि वर सामान असेल, तर त्या बुशांची दया यावी अशी स्थिती होते. बहुतेक कार्टना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात, त्यामुळे उतारावर दिशा सांभाळण्याचा सगळा भार पुढच्या सांध्यांवर असतो.

प्रेशरने गाडी धुण्याची हौस हे चौथं कारण म्हणायला हरकत नाही. जोराचा फवारा सांध्यांच्या रबरी टोप्यांच्या आत पाणी ढकलतो. बाहेरचा चिखल जातो, आतला वाढतो.

दोष शोधायचा कसा

कुठलाही पार्ट मागवण्याआधी दोन माणसं आणि एक टॉर्च पुरे. एकाने गाडीत बसून स्टेअरिंग अगदी थोडं डावी-उजवीकडे हलवत राहायचं. चाकं जमिनीवरच हवीत. दुसऱ्याने खाली वाकून दांड्यापासून चाकापर्यंत एकेक सांधा बघायचा. अलीकडचा भाग हलतो आणि पलीकडचा हलत नाही, तिथे प्ले आहे. बोट सांध्यावर टेकवलं की डोळ्यांना न दिसणारी टकटकही कळते. इतकी साधी तपासणी सोडून अंदाजाने बॉक्स का मागवला जातो, हे मला कधी नीट समजलेलं नाही.

यानंतर पुढची चाकं उचलायची. किल्ली बंद, रन-टो स्विच असेल तर ‘टो’वर, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे, आणि जॅकवर भरवसा न ठेवता खाली स्टँड. हे सगळं सपाट जागेवरच करायचं.

┌──────────────
चौकट : चाक हलवून काय कळतं?

चाक वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवा. हललं तर संशय किंगपिनच्या बुशवर किंवा चाकाच्या बेअरिंगवर.

मागून बघा. चाकासोबत स्पिंडलही हलत असेल तर बुश. स्पिंडल स्थिर आणि फक्त चाक हलत असेल तर बेअरिंग.

चाक डावी-उजवीकडे धरून हलवा. हललं आणि दुसरं चाक हललं नाही तर टायरॉडची टोकं. दोन्ही चाकं हलली आणि स्टेअरिंग हललं नाही तर बॉक्सकडची सळई किंवा बॉक्स.

चाक हाताने फिरवा. आतून खरखर आली तर बेअरिंग.
└──────────────

मोटारीच्या गॅरेजमध्ये बुश आणि बेअरिंग ओळखायची वेगळी युक्ती असते. कुणालातरी ब्रेक दाबायला सांगतात. चाक स्पिंडलला जखडलं की बेअरिंगचा प्ले लपतो आणि उरतो तो बुशचा. कार्टमध्ये ही युक्ती फसते, कारण पुढच्या चाकांना ब्रेकच नाही. मोटारींवर हात बसलेला चांगला मेकॅनिकही इथे चकतो.

बुश बदलताना

काम अवघड नाही, पण घाईचं नाही. चाक आणि हब काढल्यावर टायरॉडचं टोक स्पिंडलच्या हातातून सोडवावं लागतं. खाचा असलेला नट आणि त्यातली दुमडलेली पिन काढली तरी टोक निघत नाही, कारण त्याचा दांडा निमुळता असतो आणि भोकात घट्ट रुतलेला असतो. इथे आट्यांवर हातोडा मारायची चूक सर्रास होते. आटे चेपतात आणि चांगला जॉइंट भंगारात जातो. पुलर वापरावा. नसेल तर ज्या भोकात दांडा बसला आहे त्याच्या बाजूवर टोला द्यावा. भोक क्षणभर ताणलं की दांडा स्वतःच सुटतो.

किंगपिन गंजून बसली असेल तर गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर ठेवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. पिन निघाली की पुसून तिच्यावरून नख फिरवा. नख कुठे अडखळलं तर पिनही झिजली आहे. झिजलेल्या पिनवर नवा बुश घालणं म्हणजे पैसे वाया घालवणं. बुश ठोकून न बसवता व्हाइसमध्ये सरळ दाबत बसवावा. तो तिरपा गेला तर भोक खराब होतं. बुशला ग्रीसचं छिद्र असेल तर ते निपलच्या वाटेसमोर यायला हवं, नाहीतर पुढची सगळी वर्षं ग्रीस गन रिकाम्या भिंतीला ग्रीस देत राहील. बसवल्यावर पिन हाताने फिरली पाहिजे, पण हलायला नको. घट्ट झाली तर धातूचा बुश रीमरने मापात आणतात. दोन्ही बाजूंचे बुश एकदमच बदलावेत, कारण दोन्ही बाजूंनी तेच खड्डे आणि तेच पाणी सोसलं आहे.

जुन्या मॉडेलचे सुटे भाग मागवताना गाडीच्या नावापेक्षा तिचं साल आणि सीरियल नंबर महत्त्वाचा. एकाच नावाच्या गाडीत मधल्या काळात पुढची रचना बदललेली असते. भाग मिळालाच नाही तर? बुश लेथवर वळवून घेता येतो. पुणे परिसरात असं काम करणारी वर्कशॉप शोधावी लागत नाहीत, आणि नमुना पिन सोबत नेली तर माप बरोबर येतं. पण ही सवलत बुशपुरतीच. वाकलेला स्पिंडल तापवून सरळ करणं, तडकलेल्या टायरॉडला वेल्डिंग मारणं, झिजलेल्या बुशमध्ये पत्र्याची पट्टी सारणं, हे जुगाड मला अजिबात मान्य नाहीत. पत्रा काही दिवसांत सरकतो. वेल्डिंग उतारावर तुटतं.

जोडताना प्रत्येक दुमडायची पिन नवी घालावी. दोन-चार रुपयांची वस्तू आहे. ती नसेल तर नट सुटतो आणि चाक हुकमाबाहेर जातं.

टेपने अलाइनमेंट

सांधे घट्ट झाल्यावर चाकांची दिशा पुन्हा लावावीच लागते. जुनं माप सैल सांध्यांवर घेतलेलं असतं, ते आता चुकीचं ठरतं. मोटारींच्या अलाइनमेंट यंत्राचे पंजे कार्टच्या ८ इंची रिमला सहसा बसत नाहीत. पण साधी मोजपट्टी आणि खडू चालतो.

आधी चारही टायरांत सारखी हवा भरा. अनेक कार्टना १८ ते २२ पीएसआय लागते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. गाडी जॅकवरून उतरवल्यावर थोडी पुढे-मागे ढकला, म्हणजे चाकं आपल्या नैसर्गिक जागी बसतात. स्टेअरिंग सरळ ठेवून दोन्ही पुढच्या टायरांच्या पुढच्या अंगाला, चाकाच्या मध्याच्या उंचीवर, रबराच्या मधोमध खडूची खूण करा आणि दोन्ही खुणांतलं अंतर मोजा. मग गाडी ढकलून त्याच खुणा मागच्या बाजूला त्याच उंचीवर आणा आणि पुन्हा मोजा. खुणा त्याच असल्यामुळे टायरचा वाकडेपणा मापात येत नाही.

पुढचं अंतर मागच्यापेक्षा किंचित कमी हवं. बऱ्याच गाड्यांत हा फरक ३ ते ६ मिलिमीटर असतो, पण आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेतला आकडाच खरा धरावा. या आतल्या कलाला टो-इन म्हणतात. गाडी चालू लागली की रस्ता चाकांना बाहेर फाकवतो आणि हा कल सुटून चाकं जवळजवळ समांतर होतात. आधीच समांतर ठेवली तर चालताना फाकतील. टायरॉडच्या बहुधा एका टोकाला उजवे आणि दुसऱ्याला डावे आटे असतात. दोन्ही टोकांचे लॉकनट ढिले करून सळई फिरवली की लांबी बदलते, जॉइंट काढावे लागत नाहीत. लॉकनट परत आवळायला विसरू नका.

बॉक्सला हात शेवटी

एवढं करून प्ले उरला तरच बॉक्सकडे वळावं. काही बॉक्सवर दात्यांतली फट कमी करायचा स्क्रू असतो. तो आवळण्याचा मोह फार होतो आणि तिथेच घोटाळा होतो. गाडी बहुतेक वेळ सरळ जाते, म्हणून रॅकचे मधले दाते जास्त झिजतात आणि टोकांचे जवळजवळ नवे राहतात. मधला प्ले घालवायला स्क्रू आवळला की पूर्ण वळणात स्टेअरिंग जड होतं किंवा अडकून बसतं, वळणानंतर आपोआप सरळ येत नाही. उतारावरच्या वळणात असं झालं तर थोड्या प्लेपेक्षा ते नक्कीच धोक्याचं. मध्यावर सैल आणि कडेला घट्ट असा बॉक्स आवळायचा नसतो, बदलायचा असतो.

ग्रीसचं वेळापत्रक मुळशीपुरतं असं ठेवावं: जून लागण्याआधी एकदा, पावसात मध्ये एकदा आणि पाऊस संपल्यावर एकदा. पाण्यात टिकणारं ग्रीस घ्यावं आणि सांध्यातून काळं, कचकचीत ग्रीस जाऊन स्वच्छ येईपर्यंत गन दाबावी. बाहेर आलेलं पुसून टाकावं, नाहीतर त्यावर धूळ बसते.

आणखी एक गोष्ट मालकांनी लक्षात ठेवायला हवी. मोटार वाहन कायदा, १९८८ मधल्या मोटार वाहनाच्या व्याख्येतून केवळ कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरायची खास बनावटीची वाहनं वगळली आहेत. आवारातली कार्ट त्यात बसते. पण ही सूट आवारापुरतीच, म्हणून ती नोंदणीशिवाय पौड रस्त्यावर आणता येत नाही. आवारात मात्र तिला फिटनेस प्रमाणपत्र लागत नाही, आणि तिच्याखाली वाकून किंगपिन बघायला कुठलाही आरटीओ अधिकारी येणार नाही. तुमच्या आवारात अशी गाडी पाहुण्यांना घेऊन उतारावरून धावत असेल, तर येत्या पावसाळ्याआधी तिची पुढची चाकं उचलून एकदा हलवून बघा.